शेजारची शाळा आणि मधलं उद्यान: रोपांआधी सुट्ट्यांची यादी मागा

शेजारच्या शाळेला सोबत घेऊन वस्तीतलं उद्यान सुधारायचं ठरवलंत, तर मुख्याध्यापकांकडे सगळ्यात आधी वर्षभराच्या सुट्ट्यांची आणि परीक्षांची यादी मागा. रोपं, रंग, बाक, देणगीदार हे सगळं नंतर.

आम्ही पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं. मुलांनी हौसेनं रोपं लावली, रंगीत पाट्या लिहिल्या, फोटो झकास आले. थोड्याच आठवड्यांत मोठी सुट्टी लागली. पाणी शेजारचे घालतील असं शाळा धरून चालली आणि शाळेचे शिपाई घालतील असं आम्ही. शिपाईही सुट्टीवरच होते. शाळा पुन्हा उघडली तेव्हा पाट्या जागेवर होत्या, रोपं नव्हती. एका मुलीनं आपल्या पाटीवरची धूळ पुसली आणि ती पाटी घरी घेऊन गेली. त्यानंतर कुठल्याही बैठकीत कुणी 'पाण्याचं बघू नंतर' म्हटलं की मी बैठक तिथेच थांबवते.

शाळेकडे हात असतात, उत्साह असतो आणि दरवर्षी नव्यानं येणारी मुलं असतात. सुट्टीत मात्र शाळाच नसते. शेजाऱ्यांकडे एकावेळी इतकी माणसं कधीच जमत नाहीत, पण ते बारा महिने तिथेच राहतात. या दोघांची मोट बांधायची असेल तर एकाची उणीव दुसऱ्यानं कधी आणि कशी भरायची हे आधी ठरायला हवं.

जागा कुणाची, नळ कुणाचा

शाळेत जाण्याआधी एवढं शोधून ठेवा. उद्यानाची मालकी स्थानिक पालिकेची आहे, गृहसंस्थेची, एखाद्या विश्वस्त संस्थेची की शाळेचीच? देखभालीचं काम कुणाकडे सोपवलंय? बऱ्याचदा मालक एक, देखभाल करणारा दुसरा आणि फाटकाची किल्ली तिसऱ्याकडेच असते. परवानगी लेखी घ्या. तिच्यात खोदकाम, नवं बांधकाम आणि रंगकाम यांचा वेगवेगळा उल्लेख असू द्या, कारण 'सुशोभीकरणाला हरकत नाही' या वाक्यात खड्डा खणणं बसतं की नाही यावर पुढे वाद होतो. जमिनीखालून पाण्याची, गटाराची, विजेची लाईन कुठून जाते हे विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.

मग नळ. तो चालू आहे का, पाणी किती वेळ येतं, चावी कुणाकडे, लांबात लांबच्या कोपऱ्यापर्यंत किती पावलं? पावलं खरोखर मोजा. हा आकडा पुढे रोपांची संख्या ठरवणार आहे.

उद्यानात जा, पण काही सुचवू नका

पुढचे दोन आठवडे फक्त पाहायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, शाळेचा दिवस आणि सुट्टीचा दिवस अशा वेगवेगळ्या वेळी दहा-दहा मिनिटं एकाच जागी बसा आणि नोंदवा: कोण आलं, साधारण वय, मुलगा की मुलगी, कुठे बसलं, किती वेळ थांबलं, कुठून आत शिरलं. एक नकाशा हातानं काढा, माणसाच्या जागी टिंब द्या. चार-पाच दिवसांतच नकाशा बोलायला लागतो. सगळी टिंबं एकाच झाडाखाली दिसतील. अधिकृत फाटक रिकामं आणि कुंपणाच्या फटीतून वर्दळ दिसेल. महागातला बाक भर उन्हात असल्यानं कोरा राहिलेला दिसेल.

कोण येत नाही हे बघणं त्याहून महत्त्वाचं. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात उद्यानांची अशी पाहणी झाली, तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानात दिसेनाशा होतात असं लक्षात आलं. मुलगे तसेच येत राहतात. एकच मोठं मोकळं मैदान असलं की ते मोठ्या मुलांच्या चेंडूच्या ताब्यात जातं आणि मुली जागेसाठी भांडत न बसता निघून जातात. शहरानं १९९९ मध्ये दोन उद्यानांत बदल केले: पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा काढली, मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांनी छोटे भाग पाडले. मुली परतल्या. तुमच्या नकाशात बारा-तेरा वर्षांच्या मुलींची टिंबं नसतील तर नवा झोका आणून ती येणार नाहीत. चौघींना गप्पा मारत बसता येईल आणि तिथून सगळीकडे नजर पोहोचेल अशी एखादी जागा कदाचित आणील.

शाळेचा उंबरठा

मुख्याध्यापकांना भेटायला दोघांनीच जा. दहा जणांचं शिष्टमंडळ गेलं की शाळेला ते गाऱ्हाणं वाटतं. वेळ मागून घ्या आणि परीक्षेच्या, निकालाच्या, प्रवेशाच्या दिवसांत मागू नका. हातात तो टिंबांचा नकाशा आणि एक पानाची टिपणी ठेवा. 'मुलांना निसर्गाची गोडी लागेल' वगैरे वाक्यं त्यांनी शेकडो वेळा ऐकलेली असतात. त्याऐवजी विचारा: कुठल्या वर्गाला, कुठल्या विषयात, कुठल्या महिन्यात हे उपयोगी पडेल?

शिक्षकांच्या डोक्यावर अभ्यासक्रमाचं ओझं असतं. उद्यान हे जादाचं काम ठरलं तर पहिल्या चाचणीपर्यंतच टिकेल. तेच अभ्यासक्रमाचा धडा म्हणून आलं तर वर्षभर टिकतं. क्षेत्रफळ शिकवताना वाफ्याचं माप घ्या. सरासरी शिकवताना येणाऱ्या माणसांची मोजणी वापरा. सावलीवरून झाडाची उंची काढणं हा प्रमाणाचा धडा आहे: एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजा, बाकी त्रैराशिक. भाषेच्या तासाला पालिकेला अर्ज लिहिता येतो. हा अर्ज खरोखर पाठवला जाणार आहे हे कळलं की मुलांचं शुद्धलेखन आपोआप सुधारतं, असं आमच्या एका शिक्षिकाबाईंचं म्हणणं होतं आणि ते खरं निघालं.

अशा अर्जांना मान आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९४७ साली आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकारानं एका चौकात पहिलं क्रीडांगण उभारलं. ते पाहून इतर वस्त्यांतल्या लोकांनी 'आमच्याकडेही हवं' अशी पत्रं पालिकेला लिहायला सुरुवात केली. पुढच्या तीस वर्षांत त्या शहरात अशी सातशेहून अधिक क्रीडांगणं झाली. त्यांत काय होतं? वाळूचा खड्डा, उड्या मारायला दगड, लोंबकळायला लोखंडी दांड्या, बसायला बाक. भपका काही नाही. पण जागा लोकांनी सुचवलेल्या.

पहिल्या भेटीत एकच मागणं ठेवा: तुमच्यातला एक शिक्षक, आमच्यातला एक माणूस, महिन्यातून एक तास. हा शिक्षक मुख्याध्यापकांनी नेमलेला नको, स्वतः पुढे आलेला हवा. कुणीच पुढे येत नसेल तर सहा महिने थांबा आणि तोवर एकट्यानं छोटी कामं करा. सक्तीनं नेमलेला शिक्षक बदली झाली की सुटकेचा श्वास सोडतो, आणि त्याच्याबरोबर उपक्रमही जातो.

एका पानाचा करार

करार म्हटलं की लोक बिचकतात. 'आपल्यात कागद कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. आपण सगळे इथे कायमचे नसतो, हे त्याचं उत्तर. मुख्याध्यापक बदलतात, गृहसंस्थेची कार्यकारिणी बदलते, माणसं घरं बदलतात. नव्या माणसाला काय ठरलं होतं ते वाचता आलं पाहिजे.

कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत मुलं उद्यानात येतील, त्यांना कोण आणेल-नेईल, अवजारं कुठे राहतील, किल्ल्या किती आणि कुणाकडे, पाणी कोणत्या आठवड्यांत कोण घालेल, खर्चाला मंजुरी कोण देईल, करार कधी संपेल, एवढं पानावर आलं की पुरे. करार एका वर्षाचाच करा. दरवर्षी नव्यानं सही करायची वेळ आली की कुरबुरी बाहेर पडतात, आणि त्या बाहेर पडलेल्याच बऱ्या.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम शाळेचे असतील, तेच पाळा, त्यावर घासाघीस नको. कुठलाही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा राहणार नाही, कायम दोन मोठे. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही जाणार नाहीत. कुणाला मधमाशीची, परागाची, औषधाची ॲलर्जी आहे याची यादी शिक्षकांकडे असेल. शाळेचा विमा आवाराबाहेरच्या उपक्रमाला लागू होतो का, हे शाळेलाच विचारून घ्या. काही शेजाऱ्यांना हे सगळं आपल्यावरचा अविश्वास वाटतो. वाटू द्या.

पैशाबाबत एक साधी युक्ती: पैसे एका बाजूकडे, मंजुरी दुसऱ्या बाजूकडे. शेजाऱ्यांचा खजिनदार असेल तर बिलावर शिक्षकाची सही, किंवा उलट. आणि हिशेबाचा कागद दर महिन्याला उद्यानाच्या फलकावर. कुणी न विचारता लावलेला हिशेब फार भांडणं वाचवतो.

मुलांना विचारायचं कसं

'तुम्हाला उद्यानात काय हवं?' असा प्रश्न विचारलात तर जलतरण तलाव, आकाशपाळणा आणि आईस्क्रीमचा गाडा अशी उत्तरं येतील. चूक मुलांची नाही, प्रश्नाची आहे. त्यांना उद्यानात न्या आणि तीन रंगांच्या चिठ्ठ्या द्या: जिथे बरं वाटतं तिथे हिरवी, जिथे भीती वाटते किंवा घाण वाटते तिथे लाल, जिथे कंटाळा येतो तिथे पिवळी. चिठ्ठी लावल्यावर 'का' ते शिक्षकांनी लिहून घ्यायचं. आमच्याकडे सगळ्यात जास्त लाल चिठ्ठ्या एका छान रंगवलेल्या खोलीभोवती लागल्या. मोठ्यांपैकी कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. झुडपामुळे तिच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही, एवढंच कारण होतं. खर्च शून्य, झुडूप छाटलं, काम झालं.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करून घेणं, त्यांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं मत विचारणं यांना, ते सहभाग मानतच नाहीत. सारख्या टोप्या घालून हातात रोप धरून उभी केलेली मुलं बरोबर दुसऱ्या पायरीवर असतात. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ३१ खेळाच्या हक्काबद्दल आहे आणि कलम १२ मुलांचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल. पालिकेच्या अर्जात या दोन्हींचा उल्लेख जरूर करा. पण अर्जात लिहिण्याआधी आपण स्वतः ऐकतोय ना, तेही पाहा.

मुलांना खरा अधिकार द्यायचा तर ठरावीक मर्यादेतला द्या आणि मग त्यात ढवळाढवळ करू नका. 'या कोपऱ्यात काय करायचं ते सातवीचा वर्ग ठरवेल, रक्कम एवढी, पक्कं बांधकाम नाही.' त्यांनी ठरवलेलं तुम्हाला आवडलं नाही तरी ते करा. आमच्या मुलांनी तिथे नुसता मातीचा ढिगारा मागितला. मी नाक मुरडलं होतं. उद्यानातली सगळ्यात गजबजलेली जागा आज तीच आहे.

कामांची निवड

आता टिंबांचा नकाशा आणि चिठ्ठ्या एकमेकांशेजारी ठेवा. पहिल्या वर्षी तीनच कामं घ्या: एक महिन्याभरात पूर्ण होणारं, एक सहा महिन्यांचं आणि एक वर्षभराचं. पहिलं काम दुरुस्तीचं असू द्या. मोडका बाक, निखळलेली फरशी, न उघडणारं फाटक, तुंबणारं पाणी. ही कामं फोटोत दिसत नाहीत, पण रोज येणाऱ्या आजोबांना दिसतात, आणि पुढच्या बैठकीला येणारी माणसं त्यातूनच मिळतात.

बाक बसवताना मोठ्यांसाठी बैठकीची उंची साधारण ४५ सेंटिमीटर धरा आणि निदान निम्म्या बाकांना हात ठेवायला दांडे असू द्या, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना तेच लागतात. लहान मुलांसाठी ३० ते ३५ सेंटिमीटर पुरतात. पायवाटेवर चाकाची खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. उताराचा चढ १२ ला १ पेक्षा तीव्र नको, २० ला १ असेल तर उत्तम. म्हणजे एक मीटर उंची चढायला २० मीटर लांबी. मुलांकडून हे पट्टीनं आणि पाण्याच्या नळीनं मोजून घ्या, त्यांना भूमितीपेक्षा यात जास्त मजा वाटते.

खेळाची साधनं हा शेजाऱ्यांनी स्वतः करायचा प्रकार नव्हे. नवी साधनं प्रमाणित उत्पादकाकडूनच घ्यावीत आणि त्याच्याच माणसांकडून बसवून घ्यावीत. पण आहे ती साधनं तपासणं कुणालाही जमतं. त्यासाठी काही आकडे ध्यानात ठेवा. ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीची फट धोक्याची: लहान मुलाचं शरीर त्यातून जातं आणि डोकं अडकतं. फट त्याहून लहान हवी किंवा मोठी. साधनाभोवती चहूबाजूंनी १.८ मीटर जागा पूर्ण मोकळी हवी, तिथे बाक, दगड, झाडाचं खोड काही नको. झोक्याला याहून जास्त जागा लागते: दांडी जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट पुढे आणि दुप्पट मागे. दांडी अडीच मीटरवर असेल तर पुढे पाच आणि मागे पाच. ही जागा मोजली की बहुतेक जुन्या उद्यानांतले झोके चुकीच्या ठिकाणी आहेत हे कळतं.

खालची जमीन हा तर दुर्लक्षाचा विषय. काँक्रीट आणि फरशी नकोच, पण घट्ट तुडवली गेलेली माती आणि हिरवळही पडण्यापासून वाचवत नाहीत. लाकडाचे तुकडे ३० सेंटिमीटर पसरले की दबून साधारण २३ सेंटिमीटर उरतात, आणि तेवढा थर तीन मीटर उंचीवरून पडण्याला पुरतो असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं मार्गदर्शन आहे. तेवढ्याच जाडीची वाळू मात्र जेमतेम सव्वा मीटर उंचीपुरती. मोठा फरक आहे, आणि 'वाळू टाकली की झालं' म्हणणाऱ्यांना तो ठाऊक नसतो. झोक्याखाली, घसरगुंडीच्या पायथ्याशी पायांनी खड्डा पडतो. दर आठवड्याला थर दांताळ्यानं सारखा करायचं काम एका वर्गाला नेमून द्या, मुलं ते इमानानं करतात.

फुकटच्या वस्तूंचा मोह आवरा. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर वाफ्यांच्या कडेला सुंदर दिसतात, पण त्यांना क्रिओसोट, म्हणजे लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते डांबरी तेल, पाजलेलं असतं आणि ते मुलांच्या हातांना नको. जुनं, प्रक्रिया केलेलं लाकूडही तपासल्याशिवाय नको, त्यात आर्सेनिक असू शकतं. पत्र्याची घसरगुंडी उन्हात तापून चटका देते. ती दान मिळत असली तरी सावलीची जागा नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

माती आणि पाण्याचा हिशेब

झाडं लावण्याआधी पाणी कसं जिरतं ते पाहा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते पट्टीनं मोजा. अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरली तर जमीन चांगली. त्याहून कमी असेल तर पाणी साचून मुळं कुजतील, तिथे उंच वाफा करा किंवा पाणथळ सोसणारी झाडं निवडा. फार भरभर उतरलं तर पाणी वरचेवर द्यावं लागेल. उद्यानाच्या चार कोपऱ्यांत चार उत्तरं मिळतात. बांधकामाचा राडारोडा पुरलेली जागा तर लगेच उघडी पडते.

रोपं किती लावायची, याचं उत्तर मुलांना काढू द्या. समजा २० रोपं. प्रत्येकाला कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा १० लिटर पाणी. आठवड्याला ४०० लिटर झाले. २० लिटरची भरलेली बादली मुलांनी उचलायची नाही, म्हणून ५ लिटरची झारी धरली तर ८० खेपा. सुट्टी सहा आठवड्यांची असेल तर ४८० खेपा. नळ ४० मीटरवर असेल तर एक खेप जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे सुट्टीभरात ३८ किलोमीटरहून जास्त चाल, त्यातली निम्मी भरल्या हातानं. हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर वर्गातूनच आवाज आला, 'मग सहाच लावू या.' सहा रोपांना आठवड्याला २४ खेपा. चार कुटुंबांना सहज जमणारं काम.

खड्डा रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण खोली गोळ्याएवढीच ठेवा. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळतं ती जागा जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. रोपं मरण्याचं एक मोठं कारण फार खोल लावणं हे असतं, आणि लहान मुलं प्रेमापोटी रोप जरा जास्तच खोल पुरतात. आळं करा, पाच ते दहा सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, ते खोडाला चिकटू देऊ नका. आधाराची काठी वर्षभरानं काढा, नाहीतर खोड स्वतःच्या बळावर उभं राहायला शिकत नाही. उंच, मोठी रोपं आणण्यापेक्षा लहान आणा. ती लवकर रुजतात, आणि मुलांना त्यांची वाढ डोळ्यांसमोर दिसते. भागातलीच झाडं निवडा, काटेरी आणि विषारी फळांची टाळा, एकाच जातीची रांग लावू नका.

कामाचा दिवस

मुलांची तुकडी दीड तासाहून जास्त वेळ ठेवू नका. पाच-सहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाच्या हातात स्वतःचं काम नको, डोळे मुलांवर हवेत. पहार, कुदळ, कोयता मोठ्यांकडे. मुलांना खुरपी, घमेली, झाऱ्या, हातमोजे. कठीण खड्डे आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी खणून ठेवायचे. काच आणि तारा वेचायच्या त्याही आदल्या दिवशीच, मुलं यायच्या आधी. पिण्याचं पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी, हात धुवायला साबण, आणि स्वच्छतागृह कुठलं वापरायचं ते आधी ठरवलेलं. या शेवटच्या गोष्टीवर आमचा एक अख्खा कार्यक्रम कोलमडला होता.

भाषणं नको. पाहुणे बोलवायचेच असतील तर काम सुरू झाल्यावर बोलवा आणि त्यांच्याही हातात घमेलं द्या.

मोठी सुट्टी

सुट्टीच्या महिनाभर आधी पाण्याचा तक्ता करा. प्रत्येक आठवड्याला दोन नावं, एक मुख्य आणि एक राखीव. 'सगळ्यांनी मिळून' असं तक्त्यात लिहिलं म्हणजे कुणीच नाही. गावाला न जाणाऱ्या मुलांच्या घरच्यांना विचारा, बरेच पालक खुशीनं तयार होतात. तक्त्यात नळाची चावी कुणाकडून कुणाकडे जाणार तेही लिहा. फाटकाजवळ एक वही बांधून ठेवा. ज्यानं पाणी घातलं त्यानं तारीख आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहायचं: 'तिसऱ्याची पानं पिवळी', 'मुंग्या', 'बाकाचा खिळा वर आलाय'. सुट्टीच्या मध्यावर शिक्षकाबरोबर काम पाहणाऱ्या शेजाऱ्यानं एकदा वही वाचायची. दोन आठवडे कोरे दिसले तर फोन करायचा, रागवायचं नाही, राखीव माणसाला पुढे करायचं.

रुजायला झाडाला दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे असे दोन-तीन तक्ते. तेवढी नावं आज जमत नसतील तर रोपांची संख्या आणखी खाली आणा.

कुरबुरी

उद्यान सुधारलं की गर्दी वाढते आणि गर्दी वाढली की तक्रारी येतात. चेंडू अंगावर आला, कुत्र्याला मोकळं सोडलं, मोठी मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात. पाट्या वाढवून यातलं फारसं काही मिटत नाही. जागा आणि वेळा वाटून मिटतं. शाळेच्या तासाला चेंडूचा भाग मुलांचा, संध्याकाळी मोठ्यांचा, सकाळी फिरणाऱ्यांचा. उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांना हाकलायच्या आधी त्यांच्याशी बोला. आमच्याकडे त्यातल्या तिघांनी पुढे सुट्टीतला पाण्याचा आठवडा घेतला. चौथ्यानं नळ तोडला, हेही सांगायला हवं.

शाळेशी खटका उडतो तो बहुधा श्रेयावरून. फलकावर कुणाचं नाव वर, वार्ताहरांशी कोण बोललं. फलकच लावू नका, किंवा लावलात तर त्यावर झाडांची नावं लिहा.

दुसरं वर्ष

नवा वर्ग येतो तेव्हा मागच्या वर्गाचं प्रेम त्याला वारशानं मिळत नाही. त्यांच्या दृष्टीनं ते दुसऱ्यांनी लावलेलं काहीतरी असतं. म्हणून जुन्या वर्गातल्या दोन-दोन मुलांनी नव्यांना उद्यान फिरवून दाखवायचं, शिक्षकांनी मागे राहायचं. मरून गेलेल्या रोपाच्या जागेवरही थांबायचं आणि ते का मेलं ते सांगायचं. मग नव्या मुलांच्या हाती ती वही आणि शिंप्याची मोजपट्टी द्यायची. जमिनीपासून १.३ मीटरवर खोडाचा घेर मोजायचा, रोप तेवढं उंच झालं नसेल तर नुसती उंची. मागच्या वर्षीच्या आकड्याखाली नवा आकडा, तारीख आणि मोजणाऱ्याचं नाव.